कीपॅडवर फिरतो, टर्मिनलवर ऐकत नाही: ड्राइव्हच्या डिजिटल इनपुटची परत परत येणारी तक्रार

तक्रार साधारण अशी असते. ड्राइव्हच्या, म्हणजे मोटर चालवणाऱ्या आणि तिचा वेग ठरवणाऱ्या यंत्राच्या, कीपॅडवरचं रन बटण दाबलं की मोटर मुकाट फिरते, पण पॅनेलच्या दारावरचा सिलेक्टर स्विच फिरवला की काहीच होत नाही. किंवा भलतंच होतं: फॉरवर्ड दिलं की जॉगच्या (हळूहळू सरकवण्याच्या) स्पीडने सरकते, रिसेट दाबलं की ट्रिप होते, म्हणजे फॉल्ट दाखवून बंद पडते. मग कोणीतरी येतं, दोन वायर हलवतं, दोन पॅरामीटर (ड्राइव्हमधली सेटिंग) बदलतं आणि मशीन सुरू होतं. काही आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा दारात उभी.

डिजिटल इनपुट, म्हणजे बाहेरचा सिग्नल चालू की बंद एवढंच ओळखणारं टर्मिनल, हा खरं तर ड्राइव्हमधला सगळ्यात सरळ भाग. तरी त्यावर अख्खी शिफ्ट जाते, कारण वायर आणि पॅरामीटर या दोन्हींना एकाच वेळी हात घातला जातो. मग नेमकं कशामुळे सुरू झालं ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून एकच अट घालून घ्या: इनपुटचा बिट (ड्राइव्हला ते इनपुट चालू दिसतंय की बंद, हे सांगणारा १ किंवा ०) बघितल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरही उचलायचा नाही आणि पॅरामीटरही उघडायचा नाही.

आधी बिट बघा

टर्मिनलवर सिग्नल पोचला की नाही हे दाखवणारा मॉनिटर जवळपास प्रत्येक ड्राइव्हमध्ये असतो. सीमेन्सच्या मायक्रोमास्टर आणि व्ही२० मध्ये तो आर०७२२, यास्कावा ए१००० मध्ये यू१-१०, डॅनफॉस एफसी ३०२ मध्ये १६-६०. एबीबीच्या एसीएस५५० मध्ये पहिल्या तीन इनपुटसाठी ०११८ आणि पुढच्या तीनसाठी ०११९. मित्सुबिशीच्या ई७०० मध्ये पीआर.५२ ला ५५ भरलं की डिस्प्लेचे सेगमेंटच टर्मिनलची अवस्था दाखवू लागतात. त्यातली मधली आडवी रेघ कायम पेटलेली असते, तिच्यावर जाऊ नका.

एकाने स्विच फिरवायचा, दुसऱ्याने डिस्प्लेकडे बघायचं. काही ड्राइव्ह बिट वेगवेगळे दाखवतात, काही एकच आकडा देतात. आकडा ५ आला तर पहिलं आणि तिसरं इनपुट चालू, कारण १ अधिक ४. काही मॉडेलांत उलटा हिशेब असतो, ० म्हणजे चालू. त्यामुळे आकडा काय आहे यापेक्षा स्विच फिरवल्यावर तो बदलतो का, हे महत्त्वाचं.

बदलला, तर वायरिंग, कॉमन (इनपुटचं सामाईक ० व्होल्ट टर्मिनल), स्विच सगळं ठीक आहे. मल्टिमीटर पिशवीत ठेवा. नाही बदलला, तर जगातला कुठलाही पॅरामीटर बदलून मोटर त्या स्विचवर फिरणार नाही. अपवाद एकच, पीएनपी-एनपीएन निवडीचा, तो खाली येतोच. ही तपासणी मिनिटभराची आहे आणि तिने अर्धं काम कमी होतं. तरीही ती वगळली जाते, कारण मॅन्युअलमध्ये मॉनिटरचं पान मागे असतं आणि फंक्शनच्या यादीचं पुढे.

बिट हलत नाही तेव्हा

मीटरचा काळा प्रोब ड्राइव्हच्या डिजिटल कॉमनवर ठेवा. अर्थवर नको, पॅनेलच्या पत्र्यावर तर नकोच. अनेक ड्राइव्हमध्ये कंट्रोलचा कॉमन अर्थपासून वेगळा असतो आणि पत्र्यावरून घेतलेलं रीडिंग मनोरंजनापुरतं.

आता लाल प्रोब त्या इनपुटवर. पीएनपी म्हणजे सोर्स पद्धत असेल, जिथे स्विच इनपुटला २४ व्होल्ट पुरवतो, तर स्विच उघडा असताना जवळपास ०, बंद केला (म्हणजे कॉन्टॅक्ट जुळवला) की २४ व्होल्ट. एनपीएन म्हणजे सिंक पद्धतीत, जिथे स्विच इनपुटला कॉमनशी जोडतो, बरोबर उलटं: उघड्या टर्मिनलवर २४ च्या आसपास दिसतात आणि स्विच बंद झाला की ते ० वर येतात. इथेच गोची होते. सिंकवर ठेवलेल्या ड्राइव्हच्या टर्मिनलला २४ व्होल्ट आणून दिले की मीटरवर सगळं झकास दिसतं आणि ड्राइव्हला मात्र काहीच कळत नाही, कारण त्याच्या लेखी ते टर्मिनल अजून उघडंच आहे.

ही निवड कुठे आहे ते मॉडेलवर अवलंबून. मायक्रोमास्टर ४४० मध्ये पी०७२५, डॅनफॉसमध्ये ५-००, मित्सुबिशीत कव्हरखाली जंपर कनेक्टर, श्नायडरच्या बऱ्याच मॉडेलांत छोटा सरकता स्विच. जंपर किंवा स्विच हलवायचा असेल तर ड्राइव्हची वीज बंद करून, लेबलवर दिलेला डिस्चार्जचा वेळ थांबूनच. डिस्प्ले विझला म्हणजे आतले कपॅसिटर रिकामे झाले असं नसतं.

ड्राइव्हचंच इनपुट गेलंय का, ही शंका असेल तर बाहेरची वायर काढा आणि छोट्या तारेने थेट तपासा. सोर्स पद्धतीत ड्राइव्हचे स्वतःचे २४ व्होल्ट आणि ते टर्मिनल जोडायचं, सिंकमध्ये कॉमन आणि ते टर्मिनल. २४ व्होल्ट आणि कॉमन एकमेकांना लावू नका, अंतर्गत सप्लाय तेवढ्यावरच बसतो. रन कमांडचं टर्मिनल असेल तर मोटर खरोखर फिरेल, हे लक्षात ठेवूनच मशीनजवळची माणसं बाजूला करा. तारेने बिट हलला तर दोष बाहेर आहे. नाही हलला तर सिंक-सोर्सची निवड पुन्हा बघा, आणि तीही बरोबर असेल तर इनपुट मेलेलं समजा. त्या टर्मिनलला कधी चुकून २३० व्होल्ट लागले होते का, एवढं विचारून घ्या. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. बोर्ड बदलेपर्यंत मोकळ्या इनपुटवर तेच फंक्शन टाकून काम भागवता येतं, फक्त ते ड्रॉइंगवर लिहा.

पीएलसीचं (मशीनचा क्रम चालवणाऱ्या कंट्रोलरचं) ट्रान्झिस्टर आउटपुट थेट ड्राइव्हला जोडलं असेल तर प्रश्न थोडा वेगळा. आउटपुट एनपीएन आणि ड्राइव्ह सोर्सवर, अशी जोडी कधीच जमत नाही. त्यात पीएलसीचा २४ व्होल्ट सप्लाय वेगळा आणि ड्राइव्हचा वेगळा असेल तर एका सप्लायमधून दुसऱ्यात आडवाटेने करंट शिरतो आणि इनपुट आपोआप चालू झाल्यासारखं दिसतं. मित्सुबिशीत सिंक पद्धतीत बाहेरच्या सप्लायसोबत पीसी टर्मिनल कॉमन म्हणून वापरायला सांगतात, ते याचसाठी. एवढा विचार करायचा नसेल तर मधे एक छोटा रिले टाका. रिलेचा कॉन्टॅक्ट पीएनपी-एनपीएन काही विचारत नाही.

आणखी एक वेळखाऊ प्रकार म्हणजे मधलंच व्होल्टेज. स्विचचा कॉन्टॅक्ट जुळलेला असताना १० व्होल्ट, उघडा असताना ७. चोवीस व्होल्टच्या इनपुटसाठी आयईसी ६११३१-२ मध्ये टाइप १ ची हद्द अशी आहे: १५ व्होल्टच्या वर नक्की चालू, ५ च्या खाली नक्की बंद. मधल्या पट्ट्यात ड्राइव्ह काय समजेल याचा भरवसा नाही. दोन वायरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर बंद अवस्थेतही थोडा लीकेज करंट सोडतो, आणि डिजिटल इनपुटला मुळात पाच-दहा मिलिअँपिअरच लागतात. तेवढा लीकेज काही इनपुटना गोंधळात पाडायला पुरतो. तीन वायरचा सेन्सर लावला की हा विषय संपतो.

बिट हलतो, मोटर हलत नाही

आता पॅरामीटर. पण फंक्शनच्या यादीवर लगेच उडी मारू नका. पहिला प्रश्न असा: ड्राइव्ह हुकूम घेतोय कुणाकडून? टर्मिनलवर रनचं फंक्शन टाकलं म्हणून ड्राइव्ह टर्मिनलचं ऐकेल असं नाही. कमांड सोर्स वेगळा असतो. मायक्रोमास्टरमध्ये पी०७०० ला २, यास्कावात बी१-०२ ला १, मित्सुबिशीत पीआर.७९. हा पीआर.७९ जरा फसवा आहे. ३ ठेवला तर स्टार्ट बाहेरून आणि स्पीड पॅनेलवरून. ४ ठेवला तर स्टार्ट पॅनेलवरून आणि स्पीड बाहेरून. ३ आणि ४ ची अदलाबदल झाली की दारावरचा स्टार्ट स्विच शोभेचा होतो.

कीपॅडवरच्या लोकल-रिमोट बटणाकडेही बघा. डिस्प्लेच्या कोपऱ्यात लोकल लिहिलेलं असेल तर टर्मिनलवरच्या कुठल्याही रन कमांडला किंमत नाही. आणि रिमोटवर आणलं तरी स्विच आधीच चालू असेल तर मोटर जागची हलत नाही. यास्कावात बी१-०७ ची फॅक्टरी किंमत हेच करायला लावते: स्विच बंद करा, मग पुन्हा चालू करा. ही सोय आहे, बिघाड नाही. लोकलवरून रिमोटवर आणताक्षणी मोटर धावत सुटू नये म्हणून.

दुसरा प्रश्न: कोणी अडवलंय का? रन कमांड पोचली, सोर्सही बरोबर, तरी एखादं दुसरंच इनपुट पाय ओढत असतं. डॅनफॉस एफसी ३०२ मध्ये टर्मिनल २७ चं फॅक्टरी फंक्शन ‘कोस्ट इनव्हर्स’ आहे, म्हणजे त्यावर सिग्नल नसेल तर मोटर मोकळी सोडलेली. टर्मिनल १८ वर स्टार्ट कितीही वेळा द्या, १२ किंवा १३ वरून २७ ला २४ व्होल्ट मिळेपर्यंत काही होणार नाही. श्नायडरमध्ये डिस्प्लेवर एनएसटी दिसत असेल तर तोच प्रकार, फ्री-व्हील स्टॉप. सेफ टॉर्क ऑफचं (सुरक्षेसाठी मोटरचा जोर तोडणारं) टर्मिनल मात्र या हिशेबात धरू नका. ते प्रोग्रॅम करण्याचं इनपुट नाही, आणि सेफ्टी रिले जोडलेल्या मशीनवर तिथे जंपर टाकून ‘चालू केलं’ म्हणणं म्हणजे कुणाच्या तरी हाताशी खेळणं.

तिसरं, टू-वायर की थ्री-वायर. टू-वायरमध्ये कॉन्टॅक्ट धरून ठेवलेला असतो तोवर मोटर फिरते. थ्री-वायरमध्ये स्टार्टचा क्षणिक पल्स पुरतो आणि स्टॉपचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जुळलेला, बटण दाबल्यावर उघडणारा) कायम जुळलेला असावा लागतो. पुश बटणं लावली आणि ड्राइव्ह टू-वायरवर असेल तर बोट ठेवलेलं असेपर्यंतच मोटर फिरते. उलट, सिलेक्टर स्विच लावला आणि ड्राइव्ह थ्री-वायरवर असेल तर स्टॉपच्या टर्मिनलवर काहीच नसल्यामुळे मोटर सुरूच होत नाही. नवीन मशीन असेल तर मी थ्री-वायरच निवडेन. स्टॉपची वायर तुटली तर मोटर थांबते, हा त्यातला खरा फायदा.

एवढं झाल्यावर फंक्शनचे नंबर. इथे कंपन्यांच्या सवयी वेगवेगळ्या आहेत. एकच फंक्शन दोन टर्मिनलवर टाकलं तर यास्कावा ओपीई०३ दाखवून अडून बसतो. मित्सुबिशी काहीच बोलत नाही. दोनपैकी कुठलाही एक आला तरी चालू धरतो. फॉरवर्ड आणि रिव्हर्स एकदम आले तर मित्सुबिशी मोटर थांबवतो, यास्कावा अर्ध्या सेकंदानंतर ईएफ हा फॉल्ट देतो. मल्टिस्पीडमध्ये स्पीड बदलताना मधेच एक भलता स्पीड डोकावत असेल, तर सिलेक्टरचे दोन कॉन्टॅक्ट क्षणभर एकत्र लागतात का किंवा एकत्र सुटतात का ते बघा. दोषी तो आहे, पॅरामीटर नाही.

मग तक्रार परत का येते?

याचं मुख्य कारण मला वाटतं ते हे: तपासणी करतानाच सेटिंग बिघडतं.

मायक्रोमास्टर ४४० चं उदाहरण घ्या. मोटर चालते का बघायला कोणीतरी पी०७०० दोनवरून १ वर आणतं, कीपॅडवरून मोटर फिरवून बघतं, समाधान झालं की परत २. सगळं होतं तसं झालं असं वाटतं. पण पी०७०० बदलला की त्या सोर्सशी संबंधित डिजिटल इनपुटची फंक्शनं फॅक्टरी किमतीवर जातात. पी०७०१ होतो १, पी०७०२ होतो १२, पी०७०३ होतो ९. म्हणजे ऑन-ऑफ, रिव्हर्स आणि फॉल्ट रिसेट. समजा तिसऱ्या इनपुटवर थर्मल रिलेचा (मोटरवर जास्त लोड आला की सुटणाऱ्या रिलेचा) एनसी कॉन्टॅक्ट होता आणि पी०७०३ मध्ये २९, म्हणजे एक्स्टर्नल ट्रिप. आता तिथे ९ आहे. मोटर व्यवस्थित चालते, कोणी तक्रार करत नाही, आणि थर्मल रिले उघडला तरी ड्राइव्ह त्याची दखल घेत नाही. मोटर जळेपर्यंत हे कळत नाही. व्ही२० मध्येही पी०७०० बदलताना हाच धोका आहे, आणि श्नायडरमध्ये टू-वायर, थ्री-वायर ठरवणारा टीसीसी बदलला की इनपुटची वाटणी पुन्हा मूळपदावर जाते. म्हणून क्रम ठरवून टाका: आधी कमांड सोर्स आणि वायरची पद्धत, मग इनपुटची फंक्शनं. आणि कीपॅडवरून चाचणी घ्यायची तर लोकल-रिमोट किंवा हँड-ऑटो बटण असेल तेच वापरा, पी०७०० ला हात नको.

मित्सुबिशीत वेगळंच घडतं. एक्स्टर्नल मोडमध्ये पॅरामीटर लिहायला गेलं की ईआर४ येतो. म्हणून पीयू मोडवर (कीपॅडवरून चालवण्याच्या मोडवर) जायचं, किंमत भरायची आणि परत यायचं विसरायचं. पीयूचा दिवा पेटलेलाच राहतो आणि टर्मिनल मुकं. पीआर.७९ शून्य असेल तर वीज बंद-चालू केल्यावर ड्राइव्ह आपोआप एक्स्टर्नलवर येतो. त्यातून ‘बंद करून चालू केला की सुधारतो’ अशी ख्याती पसरते, आणि कोणीतरी ड्राइव्ह बदलायचा प्रस्तावही पाठवतं.

ड्राइव्ह बदलल्यानंतर येणारी तक्रार तर ठरलेलीच. यास्कावा ए१००० मध्ये एस३ या इनपुट टर्मिनलची फॅक्टरी किंमत एच१-०३ मध्ये २४ आहे: एनओ (एरवी उघडा असलेल्या कॉन्टॅक्टच्या) प्रकारचा एक्स्टर्नल फॉल्ट. जुन्या ड्राइव्हमध्ये ती २५ केलेली होती, कारण बाहेर एनसी कॉन्टॅक्ट आहे. नवीन ड्राइव्हला वीज दिली की लगेच ईएफ३, म्हणजे एस३ वरचा एक्स्टर्नल फॉल्ट. घाईतला माणूस एस३ ची वायर काढतो, फॉल्ट जातो, मशीन चालू. वायर तशीच लोंबत राहते आणि संरक्षण गेलेलं असतं. इनिशियलाइझ करतानाही (सगळी सेटिंग फॅक्टरी किमतीवर नेतानाही) तसंच: ए१-०३ ला २२२० म्हणजे टू-वायर, ३३३० म्हणजे थ्री-वायर. चुकीचा आकडा भरला की एस२ रिव्हर्सऐवजी एनसी स्टॉप होतो. सिलेक्टरवरची रिव्हर्सची वायर उघडी असल्यामुळे ड्राइव्हला कायम स्टॉप दाबलेला दिसतो.

कॉपी युनिट असेल तर पॅरामीटरची प्रत काढून ठेवा. नसेल तर कागद पुरतो, पण त्यावर नुसते आकडे नकोत. ‘एच१-०३ = २५’ याच्या शेजारी ‘एस३, थर्मल रिले, एनसी, उघडला की मोटर मोकळी थांबते’ असं लिहा. पुढच्या माणसाला आकडा नाही, हेतू कळला पाहिजे. हा कागद पॅनेलच्या दारामागे चिकटवा; ऑफिसातल्या फाइलमध्ये ठेवलेला रात्रपाळीला सापडत नाही.

मधूनच होणारे झटके

बिट बरोबर, सेटिंग बरोबर, तरी कधीतरी मोटर उगाच थांबते. त्यात दोन संशयित.

एक म्हणजे कॉन्टॅक्ट. मोठ्या कॉन्टॅक्टरचा जुना ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट पाच-दहा मिलिअँपिअरवर नीट काम करेलच असं नाही. त्याच्यावरचा काळा थर मोडायला जरा मोठा करंट लागतो. मीटरच्या बीपवर तो ठीक वाटतो, पण कंपनात मधूनच सुटतो. अशा जागी सोन्याचा मुलामा असलेले किंवा दुहेरी टोकांचे सिग्नल कॉन्टॅक्ट वापरा. फेरूलशिवाय (टोकाला धातूची नळी न दाबता) कोंबलेल्या मल्टिस्ट्रँड वायरीही एकदा ओढून बघा.

दुसरा नॉइज. कंट्रोलची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच डक्टमधून नेली असेल तर आधी ती वेगळी करा. ओलांडावीच लागली तर काटकोनात. शिल्डेड केबल घ्या, शेजारच्या रिलेच्या कॉइलला डीसी असेल तर डायोड आणि एसी असेल तर आरसी सप्रेसर लावा. त्यानंतरच इनपुटचा फिल्टर वाढवा: सीमेन्सचा पी०७२४, डेल्टा व्हीएफडी-ई चा ०४.१०. फिल्टर वाढवला की नॉइज गिळला जातो तसाच पीएलसीचा बारीक स्टार्ट पल्सही गिळला जातो, आणि ‘स्टार्ट कधी लागतो, कधी नाही’ ही नवी तक्रार जन्माला येते. पल्स १००-२०० मिलिसेकंद ठेवला तर बहुतेक ठिकाणी हा प्रश्न येत नाही.

वीज आल्यावर आपोआप सुरू होणं

हे तक्रार म्हणून क्वचित येतं, अपघात म्हणून येतं. टू-वायरवर स्विच चालूच राहिला, वीज गेली आणि आली, किंवा कोणी फॉल्ट रिसेट केला, की काही सेटिंगमध्ये मोटर लगेच धावते. श्नायडरमध्ये टीसीटी ला टीआरएन ठेवलं तर सिग्नल नव्याने शून्यातून वर यावा लागतो. एलईएल ठेवलं तर नुसती पातळी पुरते. यास्कावात वीज आल्यावर रन कमांडला मान द्यायचा की नाही ते बी१-१७ ठरवतो. पंपाला आपोआप सुरू होणं कदाचित हवं असेल. कन्व्हेयर, मिक्सर किंवा जिथे हात जाऊ शकतो अशा कुठल्याही मशीनला ते नको.

आपोआप सुरू होणं बंद केलं की शेवटची चाचणी अशी घ्या: मोटरचं कपलिंग किंवा बेल्ट काढा, स्विच चालू ठेवूनच मेन बंद करा, डिस्प्ले पूर्ण विझू द्या, मेन द्या. मोटर जागची हलली नाही, आणि स्विच बंद-चालू केल्यावर फिरली, तर सेटिंग बरोबर. मग फॉल्टसाठीही तेच: स्विच चालू असताना थर्मल रिलेचं टेस्ट बटण दाबा, ट्रिप येते का बघा, रिसेट करा. रिसेटनंतर स्विच न हलवता मोटर फिरली तर बेल्ट चढवायची घाई करू नका.